मोटर नवीन, तरी पंखा बंद : कात्रजच्या दुकानातला एक तास दहा मिनिटांचा हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल तर त्यात मीटर कुठे लावला, वायर कुठली काढली एवढंच दिसतं. पैशाचं बोलणं मी कॅमेऱ्यासमोर केलं नाही, कारण कस्टमर समोर उभे होते आणि ते बरं दिसत नाही. पण आपल्या चॅनेलचा मुद्दा तर तोच आहे. ज्यांना सर्व्हिसचं दुकान टाकायचंय, मग ते गाडीच्या वायरिंगचं असो, मोबाईल रिपेअरिंगचं असो किंवा घरगुती मिक्सर-गिझरचं, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. गाडी माझी असली तरी गणित तुमचंच आहे.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. कात्रजला डोंगराच्या कुशीत सकाळी थंडी किती असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तलावाकडून वारा येतो, साडेसहाला हात खिशातून काढवत नाही. सकाळी दहा पन्नासला एक काका त्यांची सात सीटर व्हॅन घेऊन दुकानापुढे थांबले. शाळेची मुलं ने-आण करतात. दत्तनगर, आंबेगाव, संतोषनगर असा रूट. पन्नाशीच्या पुढचे, शांत माणूस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुनी ब्लोअरची मोटर.

म्हणाले, "दादा, ही मोटर महिन्यापूर्वी बदलली. नवीन पण गेली. तेवढी बदलून द्या. साडेबाराला मला शाळेवर पोचायचंय."

मी विचारलं, "काका, पंखा नाही चालला तर एवढं काय अडतं?" थंडी वाजते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "सकाळी आत पोरं असतात, काचा बंद. दोन मिनिटांत पुढची काच पांढरी होते. एका हाताने नॅपकिन मारतो, एका हाताने स्टेअरिंग. काल सर्व्हिस रोडला समोर उभी रिक्षा दिसलीच नाही. ब्रेक लागला म्हणून बरं."

इथे मला पहिल्यांदा कळलं की हे पंखा दुरुस्तीचं काम नाहीये.

ज्यांना गाडीतलं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलांच्या श्वासात वाफ असते, काच बाहेरच्या थंडीने गार असते, वाफ काचेवर बसते. ती घालवायला हीटर. हीटरमध्ये वेगळी कॉइल वगैरे नसते. इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं, आणि तिच्यावरून ब्लोअर, म्हणजे पंखा, हवा ढकलतो. ती गरम कोरडी हवा काचेवर गेली की काच साफ. पंखा फिरतोय पण हवा गार येतेय, तर भानगड पाण्याच्या बाजूला. पंखाच फिरत नाही, तर भानगड वायरिंगची. आणि एसी असलेल्या गाडीत एसीलाही हाच पंखा असतो, म्हणून हे काम माझ्याकडे बाराही महिने येतं.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांना हवी होती ती मोटर माझ्या रॅकवर पडलेली होती. नाना पेठेतून आणलेली, दोन महिने धूळ खात होती. बदलायला अर्धा तास. पाचशे-साडेपाचशे सुटले असते. कस्टमर स्वतः म्हणतोय बदला. माझ्या पोराने, औंधच्या आयटीआयमधून शिकून आलाय, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच होता. "दादा, काढू का मोटर?"

मी म्हटलं थांब.

थांबण्यामागे शहाणपण नव्हतं, जुनी जखम होती. दुकान टाकलं तेव्हा मी नुकताच बीबीए करून बाहेर पडलो होतो. हिशोब येत होता, वायरिंग येत नव्हतं. कारागीर होता त्याच्या भरवशावर काउंटर सांभाळायचो. मार्केट यार्डात फुलं नेणाऱ्या एकाचा टेम्पो आला, लक्षण असंच. आधी रेझिस्टर बदलला. मग मोटर. मग स्विच. एकूण बिल ५,४०० रुपये. पंखा तरी बंद. शेवटी दुसऱ्या वायरमनने फ्यूजची ढिली क्लिप दाबली आणि पंखा सुरू. तो माणूस परत आला, ओरडला नाही, फक्त तिन्ही पार्ट काउंटरवर ठेवले. मी पैसे परत दिले. आणि आमच्या धंद्याचा नियम असा की एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट डीलर परत घेत नाही. पार्टही माझ्या गळ्यात, कस्टमरही गेला. त्याच्यामागे आणखी चार टेम्पो होते, तेही गेले. अंदाजाने पार्ट बदलणं हा धंदा नाही, तो जुगार आहे, आणि त्यात पैसे कस्टमरचे लागतात.

म्हणून काकांना आधी सांगितलं. "काका, मोटर बदलून देत नाही. आधी तपासतो. तपासणीचे ३०० रुपये. मोटर खराब निघो, न निघो, ३०० लागतील. दुरुस्ती निघाली तर ती वेगळी, करायच्या आधी विचारेन. चालेल?"

काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बघा. पण साडेबारा."

हे वाक्य आधी बोलायचं असतं, मित्रांनो. काम झाल्यावर तपासणीचे पैसे मागितले की कस्टमरला ते लुटल्यासारखं वाटतं. आधी सांगितलं की तो त्याचा निर्णय असतो.

मीटर नंतर, प्रश्न आधी

मी चार गोष्टी विचारल्या. कधीपासून? कुठल्या स्पीडला काय होतं? वास, आवाज, धूर? आणि याआधी कुणी काय केलं?

उत्तरं अशी आली. दिवाळीच्या आसपास पंखा घरघर करायला लागला, मग फ्यूज उडायला लागला. एकाने फ्यूज बदलून दिला, परत उडाला नाही. थोड्या दिवसांनी पंखा पूर्ण बसला. दुसरीकडे मोटर बदलली, बारा दिवस छान चालला. मग हळूहळू मंद झाला. आता एक-दोन स्पीडला फिरतच नाही, तीनला हलतो, चारला मंद फिरतो. कधी खड्ड्यात गाडी आदळली की एकदम जोरात सुरू होतो. आणि हो, मधे दोनदा प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला.

या उत्तरांत निम्मा फॉल्ट सापडलेला आहे. कसा ते बघा.

अशा साध्या गाडीत वायरिंगचा रस्ता सरळ असतो. बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, तिथून मोटर. मोटरमधून पुढे रेझिस्टर, मग डॅशबोर्डवरचा स्पीडचा स्विच, आणि शेवटी बॉडीचा अर्थ. (काही गाड्यांत स्विच मोटरच्या आधी असतो, म्हणून गाडीचा डायग्राम बघूनच हात घालायचा.) कमी स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, त्यामुळे मोटरला व्होल्टेज कमी मिळतं. सगळ्यात वरच्या स्पीडला रेझिस्टर बाजूला राहतो, करंट सरळ जातो.

म्हणजे काय? फक्त चारला चालतो, एक-दोन-तीनला बंद, तर संशय रेझिस्टरवर. खालचे चालतात आणि चारला बंद, तर स्विचचा तो पॉईंट किंवा ती वायर. पण इथे चारही स्पीड आजारी होते. मग गडबड अशा जागी हवी जिथून चारही स्पीडचा करंट जातो. फ्यूजची बाजू, मोटर स्वतः, किंवा शेवटचा अर्थ. रेझिस्टर त्यात बसत नाही. खड्ड्यात सुरू होतो म्हणजे कुठेतरी जोड ढिला. वास येतो म्हणजे तो जोड तापतोय.

पोराला म्हटलं, "अजून एक स्क्रू काढला नाही आणि किती कमी झालं बघ."

मग फ्यूज बॉक्स उघडला. ब्लोअरच्या जागी झाकणावर १५ लिहिलेलं. आत हिरवा फ्यूज. निळा म्हणजे १५ अँपिअर, पिवळा २०, हिरवा ३०. हे रंग पाठ करा, फुकट आहे. "फ्यूज परत उडाला नाही" याचं रहस्य हे होतं. कुणीतरी १५ च्या जागी ३० टाकला होता.

याच्यावर मी चिडतो, आणि चिडणार. फ्यूज उडतो तो त्रास द्यायला नाही. वायर जळायच्या आधी स्वतः जळायला त्याला तिथे बसवलाय. पंधराच्या वायरला तीसचा फ्यूज म्हणजे फ्यूज वाचणार आणि वायर जळणार. आणि ही वायर कुठे? डॅशबोर्डखाली, जिथे पुढच्या सीटवर बसणाऱ्या पोराचे पाय असतात. ज्याने तो टाकला त्याने दहा रुपयांत कस्टमर खूश केला. मला त्याचं नाव माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. पण हे काम करू नका. कस्टमरने सांगितलं तरी करू नका.

बारा व्होल्ट दाखवणारा मीटर खोटं बोलत नव्हता

आता मोटर. कपलर काढला, दोन वायरींनी मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय दिला, मधे १५ चा फ्यूज लावून. पंखा सुसाट. डीसी क्लॅम्प मीटरवर १० अँपिअर. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतो, घेताना डीसी लिहिलंय का बघून घ्या, मी एकदा फसलोय.) मोटर उत्तम. मी ती बदलली असती तर काकांची दुसरी नवी मोटर वाया, आणि दोन आठवड्यांनी ते परत आले असते.

पोराने मीटर घेतला, काढलेल्या कपलरच्या दोन पिनांना लावला. १२.४ व्होल्ट. बॅटरीवरही १२.४. तो म्हणाला, "दादा, सप्लाय फुल आहे, अर्थ पण आहे. मोटर पण चांगली. मग फॉल्टच नाही."

बहुतेक वायरमन इथेच अडकतात. आधीच्या गॅरेजमध्येही असंच काहीतरी घडलं असणार.

हे समजावायला मी कात्रजचंच उदाहरण देतो. आपल्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, जमिनीखालून दगडी नळ काढून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. मधे मधे उच्छ्वास बांधलेले. समजा मधे कुठेतरी गाळ अडकलाय, बोटाएवढीच वाट राहिली आहे. शहरातल्या हौदाचं तोंड बंद ठेवलं तर काय होईल? पाणी हळूहळू भरत भरत पूर्ण उंचीपर्यंत येईल. बघणारा म्हणेल, वा, पाणी फुल आहे. आता तोंड उघडा. बारीक धार. गाळ तोच, पण पाणी वाहायला लागल्यावरच तो दिसला.

मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२.४ दाखवणार. मोटरला १० अँपिअर पाहिजेत, ते त्या एका तंतूतून येत नाहीत. मीटरचा बझर लावून वायर तपासणंही तसंच. बझर वाजला म्हणजे वायर जोडलेली आहे एवढंच कळतं, ती चांगली आहे का ते कळत नाही.

म्हणून नियम एकच. कपलर जोडून, स्विच चालू ठेवून, करंट वाहत असताना मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन आत सरकवायची, वायर सोलायची नाही.

स्विच चारवर. पंखा मंद फिरतोय. आकडे मी जॉब कार्डवर लिहीत गेलो.

बॅटरी १२.४. मोटरच्या दोन टोकांमध्ये ६.१. म्हणजे ६.३ व्होल्ट रस्त्यात कुठेतरी सांडतायत. कुठे? मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी मोटरच्या प्लसला: ०.४. म्हणजे फ्यूजकडची बाजू ठीक. आता मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ५.९.

चांगल्या अर्थच्या बाजूला पॉईंट दोनच्या आसपास दिसायला हवं. इथे जवळजवळ सहा. पोराचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं, बेरीज कर. ०.४, ६.१ आणि ५.९. १२.४ झाले? झाले. एकही व्होल्ट हरवत नाही, बॅलन्स शीट टॅली व्हावी तसं. बीबीएमध्ये अकाउंट्सला मी रडायचो, पण ही टॅली मला आवडते.

आता तेच छोट्या तुकड्यात. मोटरच्या मायनसपासून स्विचच्या पिनपर्यंत ०.२. स्विचच्या आत ०.२. स्विचच्या अर्थ पिनपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत ५.४. बोल्टपासून बॅटरीपर्यंत ०.१. बेरीज ५.९. हात आपोआप त्या वायरकडे गेला.

क्लीनर साइडचं पायाजवळचं प्लास्टिक काढलं. काळ्या टेपचा एक गोळा. हात लावला तर चटका. टेप उघडली. कधीकाळी कुणीतरी म्युझिक सिस्टिम बसवताना ब्लोअरची अर्थची वायर मधेच सोलून तिला दुसऱ्या वायरचा पिळा मारला होता. लग नाही, सोल्डर नाही, नुसता पिळा. तांबं काळं-हिरवं पडलेलं, प्लास्टिक वितळून शेजारच्या वायरला चिकटलेलं.

आता गुणाकार करा. त्या जोडावर ५.४ व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर त्या वेळी ४ अँपिअर. ५.४ गुणिले ४, म्हणजे जवळपास २२ वॅट. आमच्या टेबलावरचा सोल्डरिंग गन २५ वॅटचा आहे. मी तो उचलून काकांना दाखवला. म्हटलं, "काका, साधारण असा एक गरम गन तुमच्या डॅशबोर्डखाली टेपमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. शेजारी कार्पेट."

काकांनी काही उत्तर दिलं नाही. ते खाली वाकून बराच वेळ त्या वायरकडे बघत होते.

मग मी पिशवीतली जुनी मोटर हातात घेतली. शाफ्ट फिरवला, जाम. पंख्यात पानं आणि एका वहीचा कागद. सगळी साखळी जुळली. आधी मोटर जड झाली, जास्त करंट ओढायला लागली, १५ चा फ्यूज उडायला लागला. फ्यूज बरोबर सांगत होता. त्याच्या जागी ३० चा आला, मग तो जास्तीचा करंट त्या कच्च्या पिळ्यातून रोज जायला लागला आणि पिळा जळायला लागला. मोटर पूर्ण बसली, बदलली, पण पिळा तसाच. तो बारा दिवसांत आणखी बिघडला. म्हणजे मोटर बदलणाऱ्याचंही चुकलं नव्हतं, मोटर खरंच गेली होती. त्याने फक्त पुढे बघितलं नाही. हे मी काकांना मुद्दाम सांगितलं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून आपलं दुकान मोठं होत नाही. आणि उद्या माझंही काम कुणीतरी उघडून बघणार आहे.

दुरुस्ती पटकन सांगतो. जळका तुकडा कापून टाकला, तेवढ्याच जाडीची नवी वायर, क्रिम्प केलेला लग, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा, बोल्ट घट्ट, वरून पेट्रोलियम जेली. चिकटलेली शेजारची वायर सोडवून तिच्यावर स्लीव्ह. म्युझिक सिस्टिमला वेगळा अर्थ. फ्यूज निळा, १५. परत मोजलं: अर्थच्या बाजूचा तो मोठा ड्रॉप गेला होता. बेरीज १२.४. चारही स्पीड चालू, म्हणजे रेझिस्टरही ठणठणीत. इंजिन गरम होतं, हवा काचेकडे वळवली, काकांनी काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि ती जाताना बघत बसले. बारा वाजले होते.

"एक वायर जोडायचे सहाशे?"

बिल ६००. तपासणी ३००, दुरुस्ती मटेरियलसकट ३००.

काका चांगला माणूस, पण हा प्रश्न त्यांनी विचारलाच. आणि विचारणारच. मोटरचे अडीच हजार देताना त्यांनी विचारला नव्हता, कारण मोटर हातात दिसते. वायरचा वीतभर तुकडा आणि एक लग, मटेरियल ६० रुपयांचं. उरलेले ५४० कशाचे?

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जॉब कार्ड समोर ठेवलं: आधीचे आकडे, नंतरचे आकडे. जळक्या जोडाचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. जळका तुकडा आणि हिरवा फ्यूज एका छोट्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मोटर मी बदलली असती तर बिल तीन हजारांच्या पुढे गेलं असतं, आणि हा जोड आतच राहिला असता."

त्यांनी पाचशेची नोट आणि शंभरची नोट काढली.

पण तुम्हाला मी वेगळा हिशोब दाखवतो, तो त्यांना दाखवायची गरज नव्हती. ३०० हा आकडा हवेतून आलेला नाही. माझ्या दुकानाचा महिन्याचा खर्च असा: भाडं १८,०००, पोराचा पगार १४,०००, लाईट-फोन-किरकोळ ४,०००, कर्जाचा हप्ता ६,०००. झाले ४२,०००. यात माझा पगार नाही, आणि बहुतेक नवे दुकानदार इथेच चुकतात. "उरेल ते माझं" म्हणतात, आणि उरत काही नाही. मी माझे ३०,००० खर्चात धरतो. एकूण ७२,०००.

आता तास. महिन्याचे २६ दिवस. दुकान दहा तास उघडं असतं, पण बिल होईल असं काम दिवसाला सहा तासच होतं. बाकी वेळ चहा, फोन, नाना पेठेची फेरी, "दादा जरा हवा बघा ना". २६ गुणिले ६, म्हणजे १५६ तास. ७२,००० भागिले १५६, तासाला साधारण ४६० रुपये. काही कमावलं नाही तरी दुकानाचा तास मला ४६० ला पडतो. चाळीस मिनिटांचे होतात ३०० च्या आसपास. साध्या फॉल्टच्या तपासणीला मला सरासरी तेवढा वेळ लागतो. आकडा असा आला.

आणि त्या दिवशी? एक तास दहा मिनिटं लागली, म्हणजे मला पडले ५४० च्या आसपास. मटेरियल ६०. बिल ६००. बरोबर शून्य. नफा काहीच नाही, हे लपवत नाही. मोटर विकली असती तर अर्ध्या तासात पाचशे सुटले असते.

मग हे परवडतं कसं? एक म्हणजे, पगार आधीच धरलेला आहे, त्यामुळे "शून्य" म्हणजे उपाशी नव्हे. दुसरं, पोरगा शिकला. पुढच्या वेळी असाच फॉल्ट तो वीस मिनिटांत काढेल आणि बिल तेच राहील. कमाई तिथे आहे. तिसरं, परत येणारं काम. माझ्या वहीत मी "रिटर्न" असा कॉलम ठेवलाय. ज्या गाड्या त्याच तक्रारीसाठी परत येतात, त्यांचा फुकट गेलेला वेळ त्यात लिहितो. मोजूनच पार्ट बदलायचा हा नियम केल्यापासून तो कॉलम बहुतेक रिकामा असतो. फुकटचे तास वाचले, तेच बिलाचे तास झाले.

कुणी विचारेल, कस्टमर तपासणीचे पैसे द्यायला तयारच नसेल तर? सुरुवातीला दहातले चार निघून जायचे. मी घाबरलो होतो, बायकोही म्हणाली बोर्ड काढा. बोर्ड काढला नाही, पण एक बदल केला: "तपासणी ३०० रु. आकडे लिहून मिळतील." ही दुसरी ओळ आल्यावर निघून जाणारे कमी झाले. लोकांना कागद आवडतो. त्याच्यावर सही-शिक्का नसला तरी चालतो, आकडे पाहिजेत.

हत्यारांचं म्हणाल तर फार काही लागत नाही. एक बरा मल्टिमीटर, एक डीसी क्लॅम्प मीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट (तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून कच्चा जोड मीटरच्या आधी तोच पकडतो, मंद पेटून), क्रिम्पिंगचा चांगला पक्कड, आणि मागून घालायच्या बारीक पिना. मुद्राच्या शिशु कर्जाची मर्यादा ५०,००० आहे, हत्यारांना त्याचा छोटा भागच लागेल. उरलेल्यात दुकानाचं फर्निचर करू नका, त्याचा व्हिडिओ मागे केलाय.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण व्हिडिओत राहिल्या. पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरिंगला बल्ब लावायचा नाही, ते बहुतेक वेळा एअरबॅगचं असतं. आणि ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतो. व्होल्टेज ड्रॉपचं तत्त्व तेच, पण तिथे डायग्रामशिवाय बल्ब घेऊन घुसू नका, मॉड्यूल उडाला तर तो तुमच्या खिशातून जाईल.

काका बारा दहाला गेले, शाळेवर वेळेत पोचले. चार दिवसांनी सकाळी सव्वाआठला, दुकान उघडत होतो तेव्हा त्यांची व्हॅन थांबली, मागे आणखी दोन शाळेच्या व्हॅन. तक्रार घेऊन आलेत असं वाटून पोटात गोळा आला. काका खिडकीतून म्हणाले, "दादा, यांचे पंखे चालतात. पण फ्यूजचा रंग बघा म्हटलं."

एकीत निळा निघाला. दुसरीत हिरवा.

त्या दुसऱ्या व्हॅनचा व्हिडिओ पुढच्या शनिवारी.